शेजाऱ्याचं झाड वादळात आपल्यावर पडलं तर: वळवाच्या आधी काय करायचं, नंतर काय करायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या तहसीलदार कचेरीबाहेर बसून मी लोकांना अर्ज लिहून देतो. वारसा, उतारा, हद्द, वीजजोडणी, जे असेल ते. एप्रिलमध्ये वळीव सुरू झाला की मात्र एक प्रश्न हमखास येतो: शेजाऱ्याचं झाड आमच्या कौलांवर पडलं, भरपाई कोण देणार? विचारणाऱ्याचं मत बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. कुणी म्हणतं, "झाड त्याचं, तर खर्चबी त्याचाच की ओ." कुणी म्हणतं, "वादळाला कोण काय करणार, देवाची करणी." दोन्ही बोलणी अर्धी खरी आहेत. या अर्ध्या बोलण्यांपायी एका भिंतीला लागून राहणारी घरं वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, हे मी जवळून बघतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झाड कुणाचं, हे कोर्ट बघतं. पण तेवढ्यावर थांबत नाही. झाड धोक्याचं झालंय हे मालकाला माहीत होतं का, नसलं तर नुसती नजर टाकून कळण्यासारखं होतं का, आणि कळल्यावर त्यानं काय केलं, हे पुढचे प्रश्न असतात. हिरवंगार, घट्ट मुळांचं आंब्याचं झाड कधी नव्हे अशा वाऱ्यानं उन्मळलं, तर त्यात शेजाऱ्याचा दोष नाही. आपलं छप्पर आपण शाकारायचं. तेच झाड दोन वर्षं शेंड्याकडून वाळत आलेलं, बुंध्यात पोकळ, आणि तुम्ही त्याला सांगून थकलेले असाल, तर "वादळ आलं" एवढं म्हणून तो सुटत नाही.

दोन निकाल मी लोकांना नेहमी सांगतो. १९६४ साली दिल्लीत स्कूटरवरून चाललेल्या एका माणसाच्या डोक्यावर रस्त्याकडेच्या झाडाची फांदी तुटून पडली आणि तो गेला. झाड वाळलेलं होतं, साल गेलेली, पाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९९ साली निकाल लागला: झाडांची देखभाल करणं महापालिकेचं काम होतं, ते तिनं केलं नाही, भरपाई तिनंच द्यायची. दुसरा निकाल झाडाचा नाही, भिंतीचा आहे. मध्य प्रदेशात पावसात भिंत कोसळून दोन मुलं गेली. घरमालक म्हणाला, पाऊसच तसा झाला. त्या दिवशी पाऊस होता २.६६ इंच. निकालात उच्च न्यायालय म्हणालं, पावसाळ्यात एवढा पाऊस व्हायचाच, त्याला दैवी आपत्ती म्हणता येणार नाही. २.६६ इंच म्हणजे साधारण ६८ मिलिमीटर. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला जुलैत एवढ्या पावसाचं काय कौतुक? आपल्या भागात जोराचा वारा आणि धो धो पाऊस हा दरवर्षीचा आहे, तो येणार हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळं "अचानक वादळ आलं" हे उत्तर इथं फार लांब जात नाही.

म्हणून खरं काम वादळाच्या आधीचं आहे. होळी झाली की सुरू करा, मिरगाच्या आत संपवा.

आधी झाड नीट बघा

लांबून हिरवं दिसतं म्हणून झाड धड आहे असं समजू नका. बुंध्याशी जा. जमिनीलगत अळंबी उगवली असेल, खोडाला चिकटलेली कडक कानासारखी बुरशी असेल, तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. आंब्याच्या खोडाखाली बारीक भुसा पडत असेल तर आत खोडकिडा आहे. आंब्यावर बांडगूळ फार झालं असेल तर त्या फांद्या वाळत जातात आणि वळवात पहिल्यांदा त्याच येतात. नारळाच्या खोडाला भोकं आणि त्यातनं तांबूस रस गळताना दिसला, मधला सुळका कलला, तर सोंड्या भुंगा लागलाय. त्या माडाचा भरवसा धरू नका. कोयत्याच्या पाठीनं खोडावर चार ठिकाणी ठोका. भरीव लाकडाचा आवाज बद्द येतो, पोकळ खोड घुमतं. गुलमोहराची मुळं वरच्यावर पसरतात, त्यामुळं गटार किंवा रस्ता खोदताना त्याच्या एका बाजूची मुळं तुटली असतील तर ते झाड दिसायला कितीही देखणं असो, धोक्याचं आहे.

आणि माती बघा. जांबोटीच्या बाजूच्या एका गावातल्या आजी माझ्याकडं आल्या होत्या. त्यांच्या परड्याला लागून शेजाऱ्याचा जुना फणस. शेजाऱ्यानं बाथरूमचा पाया खणताना मनगटाएवढी दोन मुळं तोडली होती. त्यानंतर आजींच्या उलट्या बाजूला, बुंध्याभोवती, मातीला अर्धगोल भेग पडली. आजींनी काय केलं, चुलीतली एक काटकी घेऊन भेगेत उभी खोचली आणि मातीच्या पातळीला कोयत्यानं खूण केली. पहिला वळीव झाल्यावर परत खोचली तर खूण मातीच्या खाली गेली. झाड उचलत होतं. ती काटकी त्यांनी पदराला बांधून माझ्याकडं आणली. मी अर्जात तारखांसकट तेच लिहिलं. शेजारी भांडायच्या तयारीनं आला होता, पण काटकी बघून गप्प झाला. परवानगी काढून, दोर लावून, झाड मिरगाच्या आत खाली घेतलं. आजींच्या घरावर एक कौल हललं नाही. त्या लाकडाची चौकट शेजाऱ्यानं त्याच बाथरूमला बसवली.

फोटो काढताना झाड आणि तुमचं घर एकाच चौकटीत येईल असा एक तरी काढा. नुसत्या पोकळीचा फोटो कुठल्या झाडाचा, हे नंतर कुणाला सांगता येत नाही.

झाड नक्की कुणाच्या जागेत?

बुंधा जमिनीतनं जिथं वर येतो ती जागा ज्याची, त्याचं झाड. फांद्या कुठं गेल्या याला महत्त्व नाही. बुंधाच बांधावर असेल तर झाड सामाईक धरतात आणि काळजीही दोघांची. हद्दीचाच वाद असेल तर आधी सर्व्हे खात्याकडं मोजणीचा अर्ज टाका. मोजणीला वेळ लागतो, त्यामुळं हे एप्रिलमध्ये आठवून उपयोग नाही, दिवाळीनंतर लगेच करा. शेजारी भाडेकरू असेल तर त्याला आणि घरमालकाला, दोघांनाही कळवा. भाडेकरू बिचारा मालकाला विचारल्याशिवाय झाडाला हात लावू शकत नाही. झाड रस्त्याकडेचं असेल तर रस्ता ज्यांचा ते जबाबदार: गावात ग्रामपंचायत, शहरात महापालिका किंवा नगरपालिका, बेळगावच्या कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड, मोठ्या रस्त्यावर सार्वजनिक बांधकाम खातं.

तोंडी बोला, मग लेखी द्या

पहिली गाठ घरी जाऊन घ्या. सकाळी, चहाच्या वेळेला, एकट्यानं. चार माणसं घेऊन गेलात की समोरचा सावध होतो. "अण्णा, तुमच्या फणसाचं मिरगाच्या आधी काय तर करूया की. मजुरीला मीबी हातभार लावतो." एवढं बोलणं पुष्कळदा पुरतं. तोडणी परवडत नाही म्हणूनच लोक गप्प बसतात, आणि मला विचाराल तर हजार-दोन हजारांचा वाटा उचलणं हे कौलं, वासे आणि वैर यापेक्षा फार स्वस्त आहे. शेजारी कन्नड बोलणारा असेल तर भाषेची बाब यात येऊ देऊ नका. आपल्याकडं तसं व्हायला वेळ लागत नाही. झाडाचा वाद भाषेचा झाला की गावातली ज्येष्ठ माणसंसुद्धा मध्ये पडायला कचरतात.

आठ-पंधरा दिवसांत हालचाल झाली नाही तर लेखी द्या. याला लोक घाबरतात. "नोटीस दिली म्हणजे कोर्टात ओढलं" असं वाटतं. तसं काही नसतं. लेखी कागदाचा उपयोग एवढाच की उद्या "मला ठाऊकच नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही. मी साधारण असा मजकूर लिहितो:

"श्री. …… यांस. आपल्या मालकीच्या घर नंबर …… च्या जागेतील फणसाचे झाड माझ्या घराच्या पश्चिम भिंतीपासून अंदाजे …… फुटांवर आहे. दिनांक …… रोजी पाहिले असता झाड माझ्या घराच्या बाजूस कललेले, बुंध्यास पोकळी पडलेली व मुळांजवळील माती उचललेली दिसली. त्याच दिवशीचे फोटो सोबत जोडले आहेत. झाड पडल्यास माझ्या घरातील माणसांच्या जिवास व घरास धोका आहे. तरी आपण पंधरा दिवसांत पाहणी करून, वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन झाड उतरवावे अथवा धोक्याच्या फांद्या कमी कराव्यात. त्या कामासाठी माझ्या जागेत येण्यास माझी हरकत नाही. मुदतीत काही न केल्यास व नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी आपणावर राहील."

यातलं "माझ्या जागेत येण्यास हरकत नाही" हे वाक्य गाळू नका. झाड तुमच्या बाजूला कललेलं असेल तर दोर आणि माणसं तुमच्याच परड्यात उभी करावी लागतात. "त्यांनीच येऊ दिलं नाही" ही सबब मी पुष्कळ ऐकलीय, आणि ती या एका वाक्यानं जाते. शिव्या, जुनी भांडणं, "बघून घेतो" असलं काही लिहू नका. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहा.

कागद हातात देऊन सही घ्या, नाहीतर पोस्टानं पाठवा. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टाला पोहोच हवी असं सांगा आणि पावती जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकले असतील तर ते मेसेज पुसू नका. फोनमधला पुरावा कोर्टात चालतो, त्याला २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात. तुमचं काम फोन आणि मूळ फोटो सांभाळणं.

लेखी देऊनही शेजारी हलत नसेल तर

एक प्रत ग्रामपंचायतीच्या पीडीओला (पंचायत विकास अधिकाऱ्याला), एक तलाठ्याला द्या. कागदोपत्री त्यांचं पदनाम आता ग्राम आडळित अधिकारी आहे, पण आपण तलाठीच म्हणतो. त्याहून जोराचा उपाय फार थोड्यांना माहीत असतो. पडायला आलेलं झाड शेजारपाजारच्या किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना धोकादायक असेल, तर ते काढायचा किंवा त्याला आधार द्यायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ त्यासाठी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १३३ होतं. अर्ज प्रांतांकडं, म्हणजे एसी साहेबांच्या कचेरीत करायचा. त्याला वकील लागतोच असं नाही. फोटो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या दोन-तीन घरांच्या सह्या जोडा. शाळेची वाट त्या झाडाखालून जात असेल तर ते ठळक लिहा.

अर्जाच्या भाषेबद्दल. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रार-निवारणाचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं, त्यामुळं मराठीत अर्ज देणं हा तुमचा हक्क आहे. तो सोडू नका असंच मी सांगतो. पण मिरग आठ दिवसांवर असेल तर मराठी अर्जासोबत त्याचा कन्नड तर्जुमा जोडून द्या. टेबलावरच्या माणसाला एका दमात वाचता आलं की फाईल त्याच दिवशी हलते, आणि इथं कुणाच्या तरी डोक्यावरच्या छपराचा प्रश्न आहे.

झाडाला हात लावायच्या आधी

कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही वन खात्यातल्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्यानं पडलेलं असेल, किंवा जिवाला-मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये असं त्याच कायद्यात आहे. म्हणून अर्जात "धोका" हा शब्द आणि त्याची कारणं आलीच पाहिजेत. "घर बांधायचंय, झाड अडचणीचं आहे" असं लिहून लोक स्वतःचंच काम लांबवतात. नारळ, सुरू, निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काही झाडांना या परवानगीतून सूट आहे. मोठी छाटणीसुद्धा न विचारता करू नका.

सागवान, शिसव आणि चंदन यांचा मामला वेगळा. ते आपोआप पडलं तरी वन कचेरीला कळवल्याशिवाय तुकडे करू नका आणि गाडीत तर मुळीच घालू नका. वाहतुकीचा पास नसेल तर झाड घरावर पडलं ते राहतं बाजूला आणि तुम्हीच आरोपी होता. खानापूर तालुक्यात परड्यापरड्यात सागवान आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

तुमच्या हद्दीत लोंबणारी फांदी तुमच्या बाजूनं, हद्दीपर्यंत छाटायचा हक्क तुम्हाला आहे. कितीही वर्षं ती तशी लोंबत असली तरी तिच्या मालकाला तुमच्या जागेवर कायमचा हक्क मिळत नाही. मात्र त्याच्या जागेत पाय ठेवायचा नाही, झाड मरेल अशी छाटणी करायची नाही, आणि तोडलेलं लाकूड व त्यावरची फळं त्याचीच. निरोप देऊन, त्याच्यासमोर छाटा. तारेला टेकलेली फांदी असेल तर स्वतः कोयता घेऊन चढू नका. हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला, १९१२ वर कळवा, लाईन बंद करून त्यांची माणसं छाटतात. ओल्या फांदीतनं करंट उतरून माणसं गेलेली आहेत.

झाड पडलंच, आता पहिल्या दिवशी

माणसं आणि जनावरं आधी बाहेर. वीज बंद. तार तुटून पडली असेल तर कुणी तिकडं जायचं नाही, १९१२ ला फोन. कुणी अडकलं असेल तर ११२.

त्यानंतर, झाडाला करवत लागायच्या आत, फोटो. हे मी हात जोडून सांगतो, कारण सगळ्या प्रकरणांचा जीव यात असतो. झाड पडलं की गाव मदतीला धावतं. दोन तासांत फांद्या तोडून, ओंडके करून अंगण मोकळं होतं. चांगुलपणानंच होतं, पण त्यात पुरावा जातो. बुंधा तुटलेल्या जागेचा जवळून फोटो काढा: आतलं लाकूड पांढरं-भरीव आहे की काळं, भुसभुशीत, हातानं चुरतंय? उन्मळलं असेल तर मुळांचा फोटो: ताजी तुटलेली, की आधीच कुजलेली, की कुदळीनं तोडलेली? शेजारी मोजपट्टी किंवा निदान चप्पल ठेवा, म्हणजे आकार कळेल. पडण्याची दिशा, बुंध्यापासून तुमच्या भिंतीपर्यंतचं अंतर, छातीच्या उंचीला खोडाचा घेर, वेळ, हे वहीत लिहा. वळवात वाऱ्याला दिशा नसते, मिरगानंतर वारं पश्चिमेचं. झाड कुठून कुठं पडलं यावरून ते आधीच कललेलं होतं का, हे नंतर सांगता येतं. जमलं तर तुटल्या जागेची एक चकती कापून घ्या आणि सावलीत ठेवा. कौलं किती फुटली, वासे-रिपा किती मोडल्या, पत्रे किती, भाताची पोती किती भिजली, हे ज्या त्या जागी मोजा. फुटकी कौलं लगेच उकिरड्यावर टाकू नका.

पाऊस थांबत नसेल तर प्लॅस्टिक कागद घालून घर झाकायला कुणाची वाट बघायची गरज नाही. उलट, उघडं ठेवून नुकसान वाढवलं तर त्या वाढलेल्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. कागद, दोरी, मजुरी, सगळ्याच्या पावत्या घ्या. गावात पावती कोण देणार म्हणता? साध्या कागदावर रक्कम, काम, तारीख आणि सही, एवढं पुरतं.

त्याच दिवशी तलाठ्याला आणि पीडीओला कळवून पंचनामा मागा. पंच दोन्हीकडचे नसलेले बघा. पंचनाम्यात "वादळाने झाड पडले" एवढंच लिहिलेलं असतं. बुंधा कुजलेला दिसत असेल तर तेही लिहायला नम्रपणे सांगा आणि लिहिल्यावरच सही करा.

पडलेलं झाड शेजाऱ्याचंच राहतं. तुमच्या अंगणात पडलं म्हणून विकायचं नाही, वखारीत पाठवायचं नाही. बाजूला सारून ठेवता येतं. तो उचलत नसेल तर लेखी मुदत द्या, मग काढून घ्या आणि खर्चाचा हिशेब ठेवा.

पैसे कुठून येतील

दोष कुणाचा, हे ठरायला वेळ लागतो. छपराला तेवढा वेळ नसतो. म्हणून आधी बाकीच्या वाटा बघा.

सरकारी मदत तहसीलदारांमार्फत येते. केंद्रानं २०२२ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीचे जे दर ठरवले त्यात मैदानी भागात घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, निदान १५ टक्के नुकसान असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००, दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,००० आणि माणूस दगावल्यास ४ लाख असे आकडे होते. राज्य सरकार कधी कधी वरून भर घालतं. १५ टक्क्यांची अट लक्षात ठेवा: पंचनाम्यात "काही कौले फुटली" असं मोघम आलं तर हातात काही पडत नाही, म्हणून मोजून आकडे द्या. जनावर गेलं तर पशुवैद्याचा दाखला घेतल्याशिवाय पुरू नका. माणूस दगावला तर पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन झालंच पाहिजे. घरच्यांना ते जड जातं, मला कळतं, पण त्याशिवाय पुढचा एकही कागद होत नाही.

घराचा विमा आपल्याकडं कमी लोक काढतात. बँकेचं गृहकर्ज असेल तर बहुधा काढलेला असतो आणि घरच्यांनाच ठाऊक नसतं, तेव्हा पासबुकाच्या पिशवीतले कागद उघडून बघा. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं आहे. तीत वादळ येतं आणि घरावर झाड पडणंही स्पष्ट शब्दांत येतं. शेजाऱ्याचा दोष दाखवायची गरज नाही. गाडीवर झाड पडलं तर पॉलिसी फुल्ल आहे का बघा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या गाडीला काही मिळत नाही. विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर दोषी शेजाऱ्याकडून वसूल करू शकते. म्हणून कंपनीला विचारल्याशिवाय शेजाऱ्याला "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका.

मग शेजारी. त्याचा दोष दिसत नसेल तर हक्क म्हणून काही मागता येत नाही, पण रीत म्हणून मी असं सुचवतो: लाकूड त्याचं, तर तोडून न्यायची मजुरीही त्याची, छप्पर तुमचं तुम्ही करा, आणि फणस-आंब्याचं चांगलं लाकूड निघत असेल तर वासे-रिपांपुरतं त्यानं तुम्हाला द्यावं. ज्येष्ठ माणसासमोर हे ठरवून कागदावर घ्या.

दोष स्पष्ट असेल आणि तो ऐकत नसेल तर वकिलाकडून नोटीस, आणि मग दिवाणी दावा. मुदत साधारण तीन वर्षं, पण माणूस दगावला असेल तर दोनच वर्षं, हे विसरू नका. समोर सरकारी खातं असेल तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. वकील परवडत नसेल तर तालुका कायदा सेवा समितीकडं जा, कोर्टाच्या आवारातच असते, फोन १५१००. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही गोष्ट माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणींना माहीत नसते. झाडाच्या प्रकरणात मी लोकअदालतीकडं वळायला सांगतो. फी भरली असेल तर परत मिळते, निकालावर अपील नाही, आणि दोघं एकाच एसटीनं घरी परतू शकतात.

राहिला सीमेचा प्रश्न. बाचीकडं किंवा निपाणीच्या बाजूला पुष्कळांचं घर कर्नाटकात आणि शेजाऱ्याचं शिवार महाराष्ट्रात आहे. झाड चंदगड तालुक्यातलं आणि पडलं बेळगाव तालुक्यातल्या गोठ्यावर, तर दावा कुठं? घर, गोठा अशा स्थावराचं नुकसान असेल तर जिथं ते स्थावर आहे तिथल्या कोर्टात, म्हणजे बेळगावात. माणसाला इजा किंवा गाडीचं नुकसान असेल तर जिथं घडलं तिथं किंवा शेजारी राहतो तिथं, तुमच्या सोयीनं. जबाबदारीचा नियम दोन्हीकडं एकच. झाड तोडायची परवानगी मात्र झाड जिथं उभं आहे तिथल्या राज्याची, म्हणजे नोटिशीत कर्नाटकचा कायदा लिहून महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या माणसाला पाठवू नका. पंचनामा तुमच्या बाजूच्या तलाठ्याचा घ्या, आणि बुंध्याचा फोटो काढायला हद्द ओलांडावी लागणार असेल तर त्या शेतकऱ्याला सोबत घेऊनच जा.